याल्मर काकांचे सहा बाण

सप्टेंबरातला एक अख्खा दिवस आमच्या स्वयंपाकघराचं टेबल माझं असतं. लेम्पी, म्हणजे माझी बायको, त्या दिवशी चुलीपाशीच उभ्यानं जेवते आणि मला शिव्या घालते. तिचंही बरोबर आहे. टेबलभर बाणांसाठीच्या देवदाराच्या काड्या पसरलेल्या असतात, आणि त्यातल्या एकीला जरी तिचा कोपर लागला तरी मी ओरडतो.

ओरेगनाहून शंभर काड्यांची मोळी येते. दिसायला सगळ्या सारख्या. पण शंभरातल्या तीस तर मी बघता बघता बाजूला टाकतो. कुठं गाठ, कुठं रेषा तिरकी पळालेली. उरलेल्या एकेक करून दोन खुंट्यांवर आडव्या ठेवायच्या, मधोमध दोन पौंडांचं वजन अडकवायचं, आणि काडी किती वाकते ते बघायचं. कारण धनुष्यातून सुटलेला बाण सरळ जातच नाही. धनुष्याच्या अंगाला वळसा घालत, माशासारखी पाठ हलवत जातो, आणि मग पुढं सरळ होतो. धनुष्य जोरकस असेल तर काडी ताठ पाहिजे, धनुष्य हलकं असेल तर मऊ. मऊ धनुष्याला ताठ काडी लावली तर ती वळसाच घालत नाही, डावीकडं फेकली जाते. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचं सांगतोय. गवताच्या पेंढीवर वीतभर डावीकडं गेला तर हसून सोडून द्यायचं. हरणाच्या अंगात वीतभर म्हणजे काय, ते पुढं येईलच.

हे सगळं मला शिकवलं याल्मर काकांनी. माझ्या बापाचे धाकटे भाऊ. आमच्या फिन्निश वस्तीतल्या इतरांसारखी तांब्याच्या खाणीत एकतीस वर्षं काढली, आणि खाणीबाहेर जेवढा वेळ मिळाला तेवढा जंगलात. बंदूक कधी हातात धरली नाही. का, ते कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्यांचं धनुष्य त्यांनी स्वतः तासलेलं, पिवळ्याधमक ओसेज लाकडाचं. ते लाकूड आमच्याकडं उगवत नाही, कुणीतरी दक्षिणेकडून ओंडका आणून दिला होता. साठ पौंडांचं धनुष्य, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला साठ पौंडांचा जोर लागायचा. काकांना वजनं, खुंट्या असलं काही लागायचं नाही. काडीचं एक टोक जमिनीवर टेकवायचे, मध्यावर तळव्यानं दाबायचे, आणि म्हणायचे, "ही पंचावन्नची. ही तुझ्यासारख्या लेचापेच्याला दे." मी नंतर घरी येऊन मोजायचो. पंचावन्नच निघायची.

चाळीस वर्षांत त्यांचा बाण लागलेलं एकही जनावर हरवलं नव्हतं. ते बढाई मारायचे नाहीत, पण आमचा चुलतभाऊ सूलो त्यांच्या वतीनं मारायचा.

तर मी सांगतोय ते काकांच्या पंच्याहत्तरीचं साल. बाण करण्याचं काम तोपर्यंत माझ्याकडं आलं होतं, कारण काकांच्या बोटांना बारीक पिसं चिकटवणं जमेना. ऑगस्टात मी त्यांना विचारायला गेलो, यंदा किती बाण हवेत. ते घरी नव्हते. मागच्या शेडचं दार उघडं होतं म्हणून आत डोकावलो. बाकाखाली पिवळा भुसा पडला होता. भुसा कसला, कागदासारख्या पातळ साली, काचेच्या तुकड्यानं लाकूड खरवडल्यावर पडतात तशा. बचकभर असतील.

मी तिथंच उभा राहिलो. काका धनुष्य हलकं करत होते. पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूनं, लाकूड काढलं की धनुष्य मऊ होतं. आणि एवढा भुसा म्हणजे पाच पौंडांचं काम नव्हे, पंधरा तरी गेले असतील. म्हणजे साठ पौंड आता त्यांच्या खांद्याला झेपत नव्हते.

तेवढ्यात काका मागून आले. मी भुशाकडं बघतोय हे त्यांनी पाहिलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

"काय रे, उंदीर शोधतोस?"

"बाणांचं विचारायला आलो होतो."

"सहा कर. नेहमीसारखे." मग थोडं थांबून म्हणाले, "यंदाचं एक हरीण झालं की बस्स. पुढच्या वर्षी मी जंगलातल्या कॅबिनवर बसून तुमच्यासाठी कॉफी करीन. पण हे एक मला नीट करायचंय. माझ्या धनुष्यानं, एका बाणात."

"नेहमीसारखे?"

"मी फिन्निश बोलतोय की चिनी?"

मी घरी आलो.

सप्टेंबरात माझ्या टेबलाच्या दिवशी मी दोन ढीग केले. एका बाजूला सहा ताठ काड्या, साठ पौंडांच्या. दुसऱ्या बाजूला सहा हलक्या, चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या. हलक्यांची रेष तर अशी सरळ होती की पट्टीनं आखल्यासारखी. मोळीतल्या सगळ्यात देखण्या काड्या त्याच. मी दोन्हींकडं आळीपाळीनं बघत बसलो. लेम्पीनं वेलदोड्याचा पाव भट्टीतून काढला, एक तुकडा माझ्यापुढं ठेवला, आणि म्हणाली, "काड्या बोलायला लागल्या की मला हाक मार."

मी तिला भुशाचं सांगितलं.

"मग हलके बाण कर," ती म्हणाली. "त्यात काय बसून राहायचं?"

"हातात घेतल्या घेतल्या त्यांना कळेल."

"कळू दे की."

"म्हणजे मला ठाऊक आहे हे कळेल. त्यांनी मला सांगितलेलं नाही."

लेम्पीनं हातातला पंचा टेबलावर टाकला, माझ्या काड्यांवरच. "तुम्ही निएमेला घराण्यातले लोक. तुमच्यातला एक तळ्यात बुडत असला तर त्यानं हाक मारल्याशिवाय दुसरा दोरी टाकायचा नाही. आणि बुडणारा हाक मारायचा नाही. वर दोघंही म्हणणार, काय सभ्य माणसं आम्ही."

"तू पंचा उचल आधी."

"जाऊन सरळ सांग त्यांना, काका, खांद्यानं दगा दिलाय, मला ठाऊक आहे, हे घ्या हलके बाण. मरणार नाहीत ते."

ती बाहेरची. म्हणजे तसं तीन मैलांवरचंच तिचं माहेर, पण तिचा बाप बडबड्या होता. आमच्यात एखाद्यानं जे सांगितलं नाही ते त्याच्या घरातलं बंद कपाट समजायचं. माझ्या बापाला रक्ताचा खोकला झाला तेव्हा सात महिने आम्ही सगळे तो सर्दीचा खोकला म्हणत होतो, त्याच्यासमोर आणि एकमेकांसमोरही. तो सर्दीनंच गेला असं अजून काही जण म्हणतील.

मी हलक्या काड्या परत मोळीत घातल्या. ताठ सहा ठेवल्या.

आणि मग त्या बाणांवर मी जी मेहनत केली, तिची आता लाज वाटते. टर्कीच्या डाव्या पंखाचीच पिसं सगळ्यांना, एकही उजवं नाही, नाहीतर बाण फिरताना गोंधळतो. काकांच्या खुणेचे दोन निळे पट्टे, मध्ये एक पांढरा. तीन वेळा तेल. टोकाची पाती इतकी घासली की हातावरचे केस नुसत्या स्पर्शानं गळत होते. सहाही बाणांचं वजन तोलून सारखं केलं. सगळं बरोबर होतं, फक्त काडी चुकीची होती, आणि ती मी डोळे उघडे ठेवून निवडली होती.

मी नेऊन दिले तेव्हा काकांनी एक उचलला, टोक पायरीवर टेकवलं, आणि मध्यावर तळवा ठेवून दाबला. सवयीनं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. तोंडावर काही दिसलं नाही.

"बरे आहेत," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या परसात पेंढी लावली. मी होतो, सूलो होता. काकांनी दोरी ओढली, ती सावकाश पण गालापर्यंत आली, आणि बाण सुटला. जाताना शेपूट उडवत गेला. वीतभर डावीकडं. दुसरा डावीकडं. तिसराही.

सूलोला गप्प बसवत नाही. "म्हातारबा, त्या पेंढीच्या डाव्या कुशीनं तुमचं काय घोडं मारलंय? बिचारीला एकाच जागी भोसकताय."

"डोळा," काका म्हणाले. "डोळ्यात काहीतरी आलंय हल्ली."

"डोळ्यात आलं नाही, पोटात गेलंय. काल बीअर किती प्यायलात?"

हीच ती वेळ होती. सूलो हसत होता, वातावरण हलकं होतं. मी म्हणू शकलो असतो, काका, काड्याच जास्त ताठ पडल्यात, माझी चूक झाली, द्या इकडं, बदलून आणतो. भुशाचं नावही काढायची गरज नव्हती. चूक माझ्या अंगावर घेतली असती तर त्यांची मूठ झाकलेली राहिली असती. हे मला आज सुचतं. तेव्हा मी काय म्हणालो असेन?

"वारा आहे," म्हणालो.

मेपलचं एक पान हलत नव्हतं. काकांनी माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ. मग ते म्हणाले, "हो, असेल." आणि पुढच्या बाणाला त्यांनी पाय सरकवला, वीतभर उजवीकडं रोखलं, आणि बाण पेंढीच्या मधोमध बसला. मग सगळेच मधोमध बसले. सूलोनं टाळ्या वाजवल्या. मीही स्वतःला सांगितलं, झालं, त्यांनी जमवून घेतलं.

पेंढीपुढं माणूस विचार करून बाण सोडतो. जनावर पुढं आलं की विचार करायला कुणी थांबत नाही. चाळीस वर्षं जिथं बघितलं तिथं बाण गेलाय, हात तेच करणार. हे मला काकांनीच शिकवलेलं.

एक ऑक्टोबरला शिकारीचा हंगाम उघडला. आदल्या दिवशीच आम्ही तिघं कॅबिनवर गेलो होतो. पहाटे आपापल्या आडोशाला जाऊन बसलो. मी साडेआठला परत आलो तर काका आधीच आलेले. चुलीवर कॉफी ठेवली होती, आणि धनुष्य दोरी उतरवून भिंतीला टेकवलं होतं. आमच्याकडं कॉफीचा पहिला कप संपेपर्यंत कुणी काही विचारत नाही. मी कप संपवला. सूलो आला, त्यानंही संपवला.

"मागं लागला," काका म्हणाले.

"किती?" सूलोनं विचारलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"वीतभर. अठरा पावलांवर उभा होता, आडवा, तोंड उजवीकडं. तरुण नर. खांद्यामागं बघितलं होतं मी." त्यांनी बाकाखालून फडक्यात गुंडाळलेला बाण काढला. आरपार गेलेला. पिसांना रक्त कमी आणि हिरवट जास्त. वास सगळ्यांना आला. पोटात लागला होता.

पोटात लागलेल्या जनावरामागं लगेच जायचं नसतं. उठवलं तर मैलोन्‌मैल पळतं. बसू द्यायचं, दुपारपर्यंत थांबायचं. आम्ही थांबलो. लेम्पीनं बांधून दिलेल्या पास्ट्या, मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, गरम केल्या, कुणी खाल्ल्या नाहीत. काका खिडकीपाशी बसून आभाळ बघत होते. अकराला पाऊस सुरू झाला. चांगला धरून पडला. रक्ताचे होते नव्हते ते ठिपके त्यानं धुऊन नेले.

दुपारी आम्ही तिघं हातभर अंतरानं वाकून वाकून दलदलीच्या कडेपर्यंत गेलो. एक खूर उमटलेला सापडला, एका पानाखाली बोटभर रक्त. पुढं काही नाही. दुसरा दिवसही तसाच. काकांचा खांदा दुखत होता ते दिसत होतं. फांद्या ते डाव्या हातानंच बाजूला करत होते.

तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी दाखवलं. दलदलीपलीकडं, उन्मळलेल्या झाडाच्या मुळाशी. कोल्ह्यांनी मागचा भाग खाल्ला होता, उरलेलं फुगलं होतं. सूलो म्हणाला, "चला काका, यात आता काही राहिलं नाही."

काकांनी खिशातून हंगामाचा टॅग काढला. वर्षाला एकच मिळतो, आणि मारलेल्या जनावराला तो बांधायचा असतो. सडलेल्या जनावराला कुणी बांधत नाही. गुपचूप दुसरं मारायला जातात, आणि वनरक्षकही डोळेझाक करतो. काका चिखलात गुडघे टेकून बसले, आणि त्या नराच्या शिंगाला त्यांनी टॅग बांधला. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.

"अहो, वाया का घालवताय?" सूलो म्हणाला. "अजून महिना आहे."

"मीच मारलंय ना," काका म्हणाले. "मग माझंच आहे."

परत येताना सूलो पुढं गेला होता. काका आणि मी मागं. दीड मैलाची वाट. दीड मैल मी तोंड उघडायचं ठरवत होतो. प्रत्येक ओंडका ओलांडताना म्हणायचो, पुढच्या ओंडक्याला सांगू. कॅबिन आली.

तो हिवाळा काका कमी बोलले, म्हणजे आमच्या मानानंही कमी. गावात लोक म्हणायला लागले, याल्मरचा डोळा गेला. ते मी ऐकायचो आणि गप्प बसायचो. लेम्पी माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. मग बोलायला लागली, पण त्या विषयावर नाही.

पुढच्या ऑगस्टात आम्ही दोघंच त्यांच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, बसलो होतो. वरच्या फळीवर ते, खालच्या फळीवर मी. तोंडं दोघांचीही तापलेल्या दगडांकडं, त्यामुळं बोलणं सोपं जातं. मी एकदम म्हणालो, "काका, गेल्या वर्षीचे बाण ताठ होते."

त्यांनी दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ येऊन गेली.

"हो."

"तुम्ही धनुष्य खरवडलं होतंत. मला ठाऊक होतं. भुसा बघितला होता मी."

"झाडून काढायला हवा होता."

"तुम्हाला बाणांचं कधी कळलं?"

"तू हातात दिलेस तेव्हाच. एक दाबून बघितला की पायरीवर."

"मग बोललात का नाही?"

"मला वाटलं, याला काही ठाऊक नाही, म्हणून नेहमीसारखे करून आणलेत. आता हलके कर म्हणावं तर का ते सांगावं लागलं असतं." त्यांनी पळी बादलीत सोडली. "पण तू वारा आहे म्हणालास. तेव्हा मला शंका आली."

"तेव्हा तरी बोलायचं."

"तू तरी बोलायचंस, गाढवा."

मी मान खाली घातली. घाम डोळ्यांत जात होता, ते एक बरं.

"ते रात्रभर तडफडलं असेल, आर्वो," काका म्हणाले. "मी आणि तू लाजत बसलो म्हणून. मी रोज एकदा तरी त्याचा विचार करतो. तूही करत जा."

"करतो."

"बरं." त्यांनी पुन्हा पाणी टाकलं. "आता तोंड उघडलंयस तर सहा कर. हलक्या काड्यांचे. अजून एक वर्ष बघू."

मी त्याच रात्री मोळी सोडली. त्या सहा हलक्या काड्या वर्षभर तशाच पडल्या होत्या, एकही वाकली नव्हती. चार दिवसांत बाण झाले. लेम्पीनं पहिल्यांदाच मला काही न बोलता टेबल दिलं, वर पिसं कापून दिली.

सप्टेंबराच्या शेवटी काकांच्या परसात पेंढी लावली. सूलोला मी मुद्दाम बोलावलं नाही. काकांनी एक बाण दाबून बघितला आणि म्हणाले, "हां. हा जाईल." बाण दोरीवर चढवला. ओढला. कोटाच्या तिसऱ्या गुंडीपर्यंत आला आणि थांबला. त्यांनी सोडला नाही, दोरी हळूच परत जाऊ दिली. श्वास घेतला. पुन्हा ओढला. गुंडीपर्यंतच. तिसऱ्यांदा तेवढाही नाही.

वर्षभरात खांदा तेवढा गेला होता.

"अजून थोडं खरवडू या का?" मी विचारलं.

"अजून खरवडलं तर पोरांचं खेळणं होईल. त्यानं जनावर मरत नाही, नुसतं जखमी होतं. ते एकदा झालं तेवढं पुरे." त्यांनी दोरी उतरवली, धनुष्य माझ्या हातात दिलं, आणि उजव्या हाताची बोटं उघडझाप करत तिथंच उभे राहिले. "गेल्या वर्षी येत होतं रे. गेल्या वर्षी गालापर्यंत येत होतं."

मी तो न सुटलेला बाण बाकीच्या पाचांबरोबर ठेवला.

एक ऑक्टोबरला काका कॅबिनवर आले, आमच्यासाठी कॉफी करायला. मी पहाटे आडोशाला जाऊन बसलो. आठच्या सुमारास बारा पावलांवर एक मादी आली, आडवी, खाली मान घालून चरत. माझ्या धनुष्याला जुळणारा बाण दोरीवर होता. हात ठणठणीत होता. मी दोरी ओढली नाही. ती चरत चरत ओढ्याकडं निघून गेली.

परत आलो. कप संपवला. काकांनी विचारलं, "काही दिसलं?"

"दिसलं."

त्यांनी पुढं विचारलं नाही, आणि एरवी मीही सांगितलं नसतं. त्या दिवशी बाकावर त्यांच्या शेजारी सरकून बसलो आणि न विचारता सगळं सांगितलं. ती कुठून आली, कशी उभी राहिली, गेल्या वर्षीचा तो नर आठवून मी का ओढलं नाही. काका ऐकत होते. मध्येच उठून त्यांनी माझा कप पुन्हा भरला आणि म्हणाले, "पुढं?"